मांडणी

विश्रामबागेंत, विलिंग्डन महाविद्यालयापासून थोड्या अंतरावर, आमचें वडिलोपार्जित घर आहे. त्याची वांटणी झाली त्या दिवशीं एक वीटहि हलली नाहीं. तींच माणसें, त्याच भिंती, तेंच तुळशीवृंदावन. मधलें एक दार तेवढें बंद झालें आणि घराची गोडी गेली. आमचे धाकटे बंधू व आम्ही सहा वर्षें भिंतीला भिंत लावून राहिलों, पण बोललों नाहीं.

रसायनशास्त्र शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तेच घटक आणि निराळी मांडणी, यास त्या शास्त्रांत समघटकता म्हणतात. ग्लुकोजच्या रेणूंत ६ कार्बन, १२ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन असतात. फ्रुक्टोजच्या रेणूंतहि तितकेच. उघड्या साखळींत ऑक्सिजनची दुहेरी जोडणी एकांत पहिल्या कार्बनाशीं असते, दुसऱ्यांत दुसऱ्याशीं. एवढ्याशा फरकानें फ्रुक्टोज ग्लुकोजहून कितीतरी गोड लागतें. ही अदलाबदल घडविणारीं विकरें म्हणजे आयसोमरेज. आपण खाल्लेलें अन्न जाळतांना शरीरहि त्यांचें साह्य घेतें. त्यांपैकीं ग्लुकोज आयसोमरेजच्या बळावर १९६० नंतर जपानांत व अमेरिकेंत मक्याच्या पिष्टापासून गोड पाक करण्याचा उद्योग उभा राहिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील भोसले, राव व देशपांडे यांनीं १९९६ सालीं या विकराचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला.

आमच्या मातुःश्री घरांत असेंच काम करीत. विकर दुसऱ्यास बदलून आपण जसेंच्या तसें उरतें. त्याहि कोणाची बाजू न घेतां आम्हां भावांचा रुसवा दोन प्रहरीं मिटवीत. त्या गेल्या, आणि आतां समेट होणें नाहीं असें आम्हीं मनाशीं धरून बसलों.

परवां तासगांवचे बेदाणे निवडीत असतां, वर्गांत शेंकडों वेळां सांगितलेली गोष्ट आम्हांस प्रथमच समजली. विकर अशक्य तें शक्य करीत नाहीं. जें मुळांत घडूं शकतें, त्याचा वेग तेवढा वाढवितें. शिवाय सुमारें ६० अंश सेल्सिअस उष्णतेस फ्रुक्टोजचें प्रमाण निम्म्याच्या आसपास पोंचलें कीं पुढें जाणें व मागें येणें सारख्याच वेगानें चालतें. कोणतीहि एक बाजू सर्वस्वीं जिंकत नाहीं. आम्ही मात्र सहा वर्षें बंधूंनींच सर्वस्वीं नमावें म्हणून वाट पाहत होतों!

बेदाण्यांची वाटी घेऊन आम्ही त्या दाराशीं गेलों व कडी वाजविली. बराच वेळ आंत सामसूम होती. विकरावांचून चालणाऱ्या क्रियेस वेळ लागावयाचाच. अखेर दार उघडलें.

"दादा, आंत या," बंधू म्हणाले.

शेजारची वाटी रिकामी परत करावयाची नाहीं, ही मातुःश्रींची शिकवण. निघतांना त्यांनीं तींत गुळाचा एक खडा ठेवून दिला.