हरणी

हरणीला कुणी ‘हाड’ म्हटलेलं चालत नसे. गावातलं दुसरं कुठलंही कुत्रं ‘हाड’ म्हटलं की चार पावलं सरकतं आणि पुन्हा भाकरीकडे बघत बसतं. हरणी उठून कडब्याच्या गंजीमागे जाई आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलत नसे. समोर भाकरी नेऊन ठेवली तरी हुंगत नसे. आण्णा, म्हणजे माझे आजोबा, घरात सगळ्यांना बजावायचे, “तिच्यावर खेकसू नगा रं. शिकारीची जात हाय, पर काळजानं लई हळवी.” इतकं वेगानं पळणारं जनावर कातडीनं आणि मनानं इतकं पातळ असतं, हे आमच्या वरकुटे गावात घराबाहेर फारसं कुणाला पटायचं नाही.

ती कारवान जातीची होती. दिवाळीनंतर रानं मोकळी झाली की खतासाठी आमच्या शेतात मेंढरं बसत. दरसाल येणाऱ्या त्या मेंढपाळाच्या कुत्रीला वेत झालं होतं. त्यातलं सर्वांत बारकं पिल्लू त्यानं आण्णांच्या हातात दिलं. रंग हरणासारखा, म्हणून आईनं तिला हरणी म्हटलं. पुरती वाढल्यावरही ती तिच्या जातीच्या मानानं लहानच राहिली. लांब निमुळतं तोंड, डोक्याला चिकटून खाली पडलेले कान, खोल छाती, आणि कमरेपाशी पोट इतकं वर गेलेलं की पाठीची नि पोटाची रेघ मिळून विळा वाटावा.

आल्यागेल्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “हिला खायला घालत न्हाईसा व्हय?” आई बिचारी ओशाळायची. खरं तर या जातीच्या निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पाठीचा कणा आणि कमरेची हाडं टोचायला लागली तर ते उपासाचं लक्षण, बरगड्या दिसणं हे नव्हे. लोकलाजेखातर तिला भाकरी-तूप चारून गोल केलं असतं, तर त्या बारीक पायांवर नको तो भार पडला असता. तिचं खाणं सकाळ-संध्याकाळ विभागून असे: ज्वारीची भाकरी, ताक, अंडं, आणि घरात मटण शिजलं तर मसाला पडण्याआधी काढलेले तुकडे. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात, हे आमच्या इंदापूर-बारामतीच्या बागायतदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. बागेत गळलेले मणी राखणीची कुत्री सहज खातात. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून आत पीळ पडण्याचा धोकाही असतो, म्हणून जेवल्यावर तासभर आम्ही तिला पळू देत नसू.

आणि पळणं! ज्यानं कारवान माळावर सुटलेली पाहिली नाही, त्याला कुत्रं पळतं म्हणजे काय हे कळलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. साधं कुत्रं वासावर चालतं, जमिनीला नाक लावून. ही जात नजरेवर चालते. डोळे लांबट डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळजवळ 270 अंशांचा पट्टा तिच्या नजरेत राहतो, आणि दूरवरची बारीकशी हालचालही सुटत नाही. पळताना एका झेपेत दोनदा तिचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा शरीर पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. याच कुळातला इंग्रजी ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जातो.

पण हा पळ फार थोडा वेळ टिकतो. तेवढं झालं की हरणी धापा टाकत सावलीला पडे आणि मग दिवसभर झोपे. मुक्काम ओसरीवर. भुंकणं जवळजवळ नाहीच. चोर आला तर ही काय करणार, असं चुलते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. राखणीसाठी कारवान पाळू नये. त्या कामाला साधं गावठी कुत्रं कितीतरी सरस.

नजरेवर चालणाऱ्या कुत्र्याची एक अडचण मालकानं आधीच ओळखावी लागते. समोर ससा उठला की त्याच्या कानात तुमची हाक शिरत नाही. मालक, रस्ता, विहीर, सगळं त्या क्षणी पुसलं जातं. आमच्या इंदापूर तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. त्याच्या अंगाला असली कुत्री मोकळी सोडणं म्हणजे तिचा जीव उघड्यावर टाकणं. हरणीची मान डोक्याहून फारशी बारीक नव्हती, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की सुटून येई. आण्णांनी गावातल्या चांभाराकडून चार बोटं रुंदीचा मऊ चामड्याचा पट्टा शिवून घेतला. तो तिच्या नाजूक गळ्याला रुतत नसे आणि निसटतही नसे.

आण्णांच्या तरुणपणी या कुत्र्यांवर सशांची शिकार चाले. ती गोष्ट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपायला हवी होती. चोरून काही ठिकाणी चालत राहिली. आमच्या घरात मात्र आण्णांनी ती स्वतः बंद केली. वरकुट्याच्या आसपासचे माळ पडीक नाहीत. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघं पाच चौरस किलोमीटरचं. अशा ठिकाणी मोकळी कारवान म्हणजे चिंकाऱ्याच्या पाडसावर संकट. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर लांडग्या-खोकडांनाही होतो. म्हणून लस टोचणं हे आपल्या कुत्रीसाठी आणि माळासाठीही. हरणीला आम्ही पळवायचो ते चारी बाजूंनी कुंपण असलेल्या आमच्या रानात, पीक निघाल्यावर, ऊन चढायच्या आत.

तिथंच एकदा वळण घेताना कुंपणाच्या काटेरी तारेला घासून तिच्या मांडीची कातडी वीतभर फाटली. या जातीची कातडी इतकी पातळ असते की दुसऱ्या कुत्र्याला जिथं ओरखडा उठेल, तिथं हिला टाके पडतात. डॉक्टर जाणते निघाले. भूल देण्याआधीच ते म्हणाले की या कुळातल्या कुत्र्यांना थायोपेंटोन देऊ नये. अंगात चरबी नसते, आणि यकृतही ते औषध सावकाश निकालात काढतं, त्यामुळे कुत्रं शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, कधी जिवावरही बेततं. त्यांनी दुसरी भूल वापरली. रक्ताची तपासणी करायची वेळ आली तेव्हाही त्यांनी सांगितलं, यांच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं, आकडा बघून घाबरू नका.

थंडी तिची वैरी. अंगावर आखूड केस, आत चरबी नाही. पौषात माळावरून वारं सुटलं की ती दाराशी उभी राहून थरथरत असे. थोरल्या आईनं, माझ्या आजीनं, जुन्या लुगड्यांची एक वाकळ तिच्यासाठी वेगळी शिवली. कठीण फरशीवर झोपून तिच्या कोपरांना घट्टे पडत, तेही वाकळीनं थांबलं. झोपेत तिला अचानक हात लावायचा नाही, आधी नावानं हाक मारायची, असा घरातल्या लेकरांना नियम होता. दचकून उठलेली हरणी एखादे वेळी दात दाखवी, आणि भानावर आल्यावर तीच लेकरांचे हात चाटत बसे.

व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून ही कुत्री दख्खनेत आली, असं जुने लोक सांगतात. कर्नाटकात तिला मुधोळ हाउंड म्हणतात, कारण मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. लांब रेशमी केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. टपाल खात्यानं 2005 साली देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळही होती. पुढे भारतीय लष्करानंही ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. या मानाचा मला आनंद आहे, आणि धास्तीही वाटते. नाव झालं की मागणी वाढते, मागणी वाढली की जवळच्या नात्यात वेतं काढून पिल्लं विकणारे उभे राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं कोंडलेलं असं कुत्रं मी पुण्यात पाहिलं आहे. ते पाहवत नव्हतं.

हरणी तेरा वर्षांच्या आसपास जगली. शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नजरेवर जगलेल्या कुत्रीला ते फार जड गेलं. ती आण्णांच्या काठीच्या आवाजामागे चालू लागली. एका उन्हाळ्यात तिनं खाणं सोडलं आणि दोन दिवसांत गेली. बांधावरच्या लिंबाखाली तिला पुरलं. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

ज्यांना कारवान पाळायची आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पळायला कुंपणाआडची मोकळी जागा, झोपायला घरात ऊबदार कोपरा आणि खेकसणार नाही असा माणूस, या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे असतील तरच पिल्लू आणा. आणण्याआधी त्याचे आईबाप डोळ्यांनी पाहा. आणि भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ही कारवान आहे, हे आठवणीनं सांगा.