न छेडलेला गंधार

मिरजेला आत्याच्या घरी माझ्याकडे एक काम असायचं. दिवेलागण झाली, की तिच्या मागे बसून तंबोरा छेडायचा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तंबोरा माझ्याहून उंच, म्हणून तो आडवा ठेवून मी बसत असे. मधल्या बोटानं पंचम, मग तर्जनीनं दोन जोड आणि शेवटी खर्ज, पुन्हा पंचम. आत्याची ताकीद एकच होती, "तालात वाजवू नकोस गं. वाहू दे."

एकदा ती गाता गाता थांबली आणि म्हणाली, "गंधार ऐकू येतोय का?" मी म्हटलं, "तू गातच नाहीयेस, मग कुठून येणार?" ती तंबोऱ्याकडे बघून म्हणाली, "मी कुठं म्हणतेय? तो म्हणतोय." मला काहीही ऐकू येत नव्हतं. पुढे कितीतरी संध्याकाळी ती तेच विचारायची आणि मी तेवढ्याच खरेपणानं नाही म्हणायचे. तिनं कधी माझ्याकडून खोटं हो वदवून घेतलं नाही.

मग एका पावसाळी संध्याकाळी तो आला. खर्जाची तार विरत चालली होती आणि तिच्या पोटातून एक बारीक, उजळ सूर वर उठला. चारांपैकी कोणतीच तार गंधाराला लावलेली नव्हती, तरी गंधार खोलीभर होता. मी छेडायची थांबले. आत्यानं मागे वळून पाहिलं, आणि न विचारताच तिला कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं होतं, हे त्या वयात सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत मी पुष्कळ गाणं ऐकलं. पुण्यात भीमसेन जोशींचं, किशोरीताईंचं समोर बसून ऐकायचं भाग्य लाभलं. कुमारजींच्या ध्वनिफितींची पारायणं केली. तरी तुझं सगळ्यात आवडतं संगीत कोणतं, असं कुणी विचारलं, तर माझ्या मनात आधी येतो तो चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याचा नाद.

जाणकार त्या सुराला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याचं कारण साधं आहे. तार छेडली, की तिच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही, म्हणजे उपस्वर, निघतात. खर्जाच्या पाचपट कंपनांचा सूर म्हणजेच शुद्ध गंधार. इतर बहुतेक वाद्यांत हे सूर मूळ स्वरात मिसळून जातात. तंबोऱ्यात ते वेगळे उमलतात, कारण त्याची घोडी. ती सपाट आणि किंचित उताराची असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे करता करता एका जागी नाद एकदम खुलतो. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या ठिकाणी छेडली असता एखादा उपस्वर नियमानं उमटूच नये, तिथंही तो या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. त्यांना नोबेल मिळालं ते त्यानंतर नऊ वर्षांनी. आत्याला रामन ठाऊक नव्हते. दोरा मात्र ती नखाच्या टोकानं अशी सरकवायची, की आम्ही श्वास रोखून बघत असू.

हे सगळं समजल्यानंतर माझं भारावणं कमी झालं नाही. उलट एक गोष्ट नीट कळली. दोन जोड एकमेकांत पुरते मिसळले नाहीत, खर्ज तसूभर उतरलेला राहिला, तर गंधार झाकोळून जातो. तो वाजवून मिळत नाही. बाकीच्यांचं जुळलं, की आपण होऊन येतो. माणसाच्या मनातली करुणा, शांती, कृतज्ञताही अशीच येते, असं मला वाटतं. गाणं आपल्याला रडवतं किंवा निववतं, तेव्हा ते बाहेरून काही आणून घालत नाही. आतल्या विस्कटलेल्या तारा जुळतात आणि जे मुळात होतं ते ऐकू येऊ लागतं.

दरबारी राग ऐकताना हे मला फार जाणवतं. दरबारीचा गंधार अतिकोमल, आंदोलित. गायक त्या गंधारावर झुलत असतो आणि मागे तंबोऱ्यातून शुद्ध गंधार झिरपत असतो. एकाच नावाचे दोन सूर, एक खाली व्याकूळ, एक वर निश्चल. त्या दोघांमधल्या अंतरात दरबारीचं सगळं गांभीर्य साठलेलं आहे, अशी माझी समजूत आहे.

आणि दरबारी म्हटलं की मला गायक अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात. मिरज त्यांची कर्मभूमी. वाद्यांची दुरुस्तीही ते स्वतः करत. त्यांच्या तंबोऱ्यांच्या जुळणीबद्दल आजही आदरानं बोललं जातं. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं आणि ते सिंगपेरुमाळकोईलच्या छोट्या स्थानकावर उतरले. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि तिथंच देह ठेवला, असं सांगतात. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. आत्या मला तिथं न्यायची. शेवटच्या घटकेलाही आधी तंबोरा जुळवायचा, हे तिनं मला त्या आवारातच सांगितलं.

आत्याचं गाणं पन्नाशीतच थांबलं. घशाचं दुखणं झालं आणि आवाज गेला तो परत आला नाही. घरातल्या सगळ्यांनी ठरवून तंबोऱ्याचा विषय टाळला. महिनाभरानं तिनंच गवसणी काढली. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, चारही तारा जुळवल्या आणि नुसती छेडत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढची सतरा वर्षं तेच. तिची ही संध्याकाळ कधी चुकली नाही. मालकंसाचा दिवस असला, की पंचम उतरवून मध्यमाला लावायची. आम्हाला काही ऐकू येत नसे, पण आत कुठंतरी तिचा मालकंस चालू असणार. "आता गळा मध्ये येत नाही, त्यामुळे जास्त ऐकू येतं," असं ती एकदा घोगऱ्या आवाजात म्हणाली. त्या वाक्यात खंत नव्हती. मी तेव्हा अगदी जवळ बसले होते, म्हणून खात्रीनं सांगते.

ती गेल्यावर तंबोरा माझ्याकडे पुण्याला आला. दोन वर्षं मला गवसणी उघडवली नाही. उघडली तेव्हा नाद बद्द येत होता. घोडीवर तारांच्या खाचा पडल्या होत्या. मी तो मिरजेला घेऊन गेले. तिथं दीडशेहून अधिक वर्षं ही वाद्यं घडताहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भले थोरले भोपळे ओळीनं टांगलेल्या त्या दुकानात एक वयस्कर कारागीर कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायचे, ऐकायचे, पुन्हा तार उतरवायचे. अडीच तास लागले. अखेर त्यांनी दोरा सरकवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या दुकानात, रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात, माझ्या आत्याचा गंधार पुन्हा उभा राहिला.

आता घरोघरी तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी आहे, मोबाइलमध्येही तो नाद मिळतो. एकट्यानं रियाज करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. पण ती पेटी आधीपासूनच जुळलेली असते. बेसुरातून सुरापर्यंत येण्याची वाट ती दाखवू शकत नाही, आणि मनाला निववते ती ही वाटच.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या मैफलीला थोडं आधी जा. कलाकार खुंट्या पिळत असताना, गाणं अजून सुरू झालेलं नाही असं समजून बोलत बसू नका. खर्ज विरत जाईल तेव्हा त्याच्यामागे कान न्या. पहिल्या दिवशी ऐकू आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, मलाही आलं नव्हतं. गंधार तिथं असतो.