अब्बांच्या शेडचं वायरिंग

घराला रंग दिला की येणारा-जाणारा बघतो, दोन शब्द बोलतो. वायरिंग बदललं तर कुणी विचारत नाही. भिंतीतून जाणारी तार दिसते कुणाला? म्हणून असेल, आपल्या घरांत या खर्चाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. सोफा, फ्रीज, लेकीचं लग्न, हे सगळं झाल्यावर कधीतरी.

त्यात आपल्या मोहल्ल्यांची एक वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे घर आणि धंदा एकाच छताखाली असतात. मालेगाव-भिवंडीत घराला लागून यंत्रमाग चालतात, मिरजेत तंतुवाद्यांची घडण चालते, आणि प्रत्येक गावात कुणाचं शिलाईकाम, कुणाचं वेल्डिंग, कुणाचं फर्निचर. वायरिंग मात्र दोन बल्ब, एक पंखा आणि एक टीव्ही गृहीत धरून केलेलं. पुढे त्याच तारेवर मोटरी चढत जातात आणि तार काही बोलत नाही.

आमच्या घरी हेच होतं. अब्बा कोल्हापुरात फाउंड्रीच्या कामात पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी लाकडात घडवतात, त्यावरून वाळूत साचा उठवतात आणि मग त्यात रस ओततात. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलीमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्न मेकरची मोजपट्टीही वेगळी असते, तिचा प्रत्येक सेंटीमीटर नेहमीच्यापेक्षा किंचित मोठा. अशी पट्टी चाळीस वर्षं हातात धरलेला माणूस निवृत्त झाल्यावर ओट्यावर बसून राहणं शक्य नव्हतं. मोटारसायकल लावायला बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी बाकडं मांडलं. १ एचपीची गोल करवत, २ एचपीचं रंधा मशीन, अर्ध्या एचपीचा लाकडाचा लेथ. मशिदीच्या रेहली, शेजारच्या वहिनींचं पोळपाट, नातवंडांचे भोवरे, सगळं तिथून निघतं. पैसा फारसा कुणाकडून घेत नाहीत.

शेडला वीज यायची ती घरातून, १.५ चौरस मिलीमीटरच्या एका जोडतारेवर. रंधा मशीन सुरू केलं की स्वयंपाकघरातला दिवा मिचकायचा. अम्मी आतूनच म्हणायच्या, "शुरू हुआ कारखाना." आम्ही हसायचो.

गेल्या श्रावणात हसणं थांबलं. माझा धाकटा आजोबांच्या हाताखाली शिकायला बसतो. बाहेर पाऊस, पायात ओल्या चपला. त्याने फळी उचलायला रंध्याच्या लोखंडी टेबलाला हात लावला आणि मागे फेकला गेला. भुश्याच्या पोत्यावर पडला म्हणून डोकं वाचलं. बोटं बराच वेळ थरथरत होती. बायकोने त्याला छातीशी धरलं आणि त्या दिवशी अब्बांशी ती एक शब्दही बोलली नाही.

संध्याकाळी पुण्याहून बहिणीचा फोन आला. "शेड बंद करा. मशिनी विकून टाका. अब्बांचं वय काय, आणि हे काय चाललंय?" भाऊही तेच म्हणाला. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पोराचा जीव जाता जाता राहिला होता. अब्बा गप्प बसून होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मशीन का क्या कसूर?"

त्या वाक्यावर मी विचार करत राहिलो. मशीन विकलं असतं तर प्रश्न सुटला असता, पण बाहत्तर वर्षांच्या माणसाचं सकाळी उठण्याचं कारणही त्यासोबत गेलं असतं. आणि नातवाला काय शिकायला मिळालं असतं? भीती वाटली की दार लावायचं, एवढंच. मी घरात सांगितलं, एक महिना शेडला कुलूप राहील. त्या महिन्यात वायरिंग नीट होईल, नाही झालं तर मशिनी विकू.

वायरमन आला तो आयटीआय झालेला, परवानाधारक ठेकेदाराकडे काम करणारा तरुण. त्याने आधी मेन स्विच उतरवला, मग सॉकेट उघडले. आत बारीक भुसा गच्च भरला होता. तिथे एक ठिणगी पडली असती तर पुरे होतं. किटकॅट फ्यूजमध्ये बारीक फ्यूज तारेऐवजी कुणीतरी कधीतरी जाड तांब्याचे पीळ घातले होते. असा फ्यूज कधी उडत नाही, त्याच्या जागी भिंतीतली तार जळते. तिसरी पिन होती, पण तिची हिरवी तार बोर्डाच्या मागे नुसतीच लोंबकळत होती. रंध्याची केबल टेबलाच्या कडेला घासून सोलली होती. वीज लोखंडात उतरली, जमिनीत जायला तिला वाट नव्हती, तिने माझ्या मुलाच्या अंगातून वाट काढली.

त्याने कागदावर हिशोब मांडला. २ एचपी म्हणजे सुमारे १,५०० वॅट. मोटरची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टवर चालताना १०-११ अँपिअर. सुरू होताना मात्र क्षणभर पाच-सहा पट, म्हणजे ६० च्या आसपास. ४० फूट लांबीच्या त्या बारीक तारेत त्या क्षणी सोळा-सतरा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची तार घातली की सहाच. अम्मींचा दिवा का मिचकायचा ते मला तेव्हा कळलं.

मग त्याने जे सांगितलं ते मी वाचकांसाठी मुद्दाम लिहून ठेवलंय. आपण घरात एमसीबी बसवला की निर्धास्त होतो. पण एमसीबी वाचवतो तो तारेला. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढे बराच करंट गेला तरच पडतो, आणि माणूस मरायला एक अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ते सतत ताडून बघतं. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणाच्या आत पुरवठा तोडतं. आमच्या शेडमध्ये आता दोन्ही आहेत. मोटरींच्या एमसीबी 'सी' प्रकारच्या घेतल्या, कारण 'बी' प्रकारच्या सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकतात.

दिव्यांची लाइन वेगळी काढली. करवत अडकून तिची एमसीबी पडली तर शेडमध्ये अंधार नको, पातं फिरतच असतं. चोकवाली जुनी ट्यूब काढून चांगले एलईडी लावले. ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि तिच्या उजेडात फिरतं पातं कधीकधी थांबल्यासारखं दिसतं.

अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला, जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. वायरमनने मीटर लावून अर्थचा रोध मोजला तेव्हा अब्बा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते.

एक गोष्ट अब्बांनी स्वतः मागितली. "साधं स्विच नको, स्टार्टर पाहिजे. हिरवं-लाल बटणवालं." वायरमन म्हणाला, "चाचा, बरोबर बोललात." कारण असं की वीज गेली आणि साधं स्विच चालूच राहिलं, तर वीज आल्यावर करवत आपोआप फिरू लागते. स्टार्टरमध्ये वीज गेली की आतलं कॉइल सुटतं, पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. अब्बांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, तरुणपणी त्यांच्याशेजारी काम करणाऱ्या एकाची दोन बोटं अशीच गेली होती. वीज गेली म्हणून तो पात्यातला तुकडा काढत होता. एवढी वर्षं त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

वाद एकदाच झाला. बोर्डासाठी अब्बांनी सागवानी फळी रंधून, पॉलिश करून ठेवली होती. वायरमनने हात जोडले. "चाचा, लाकूड नको. भुसा आत न जाणारी बंद पेटीच लावायची." अब्बा फळी घेऊन आत गेले. मला वाटलं, रुसले. आठवड्याने त्याच फळीची एक रेहल वायरमनच्या हातात दिली. "घरात पोथी असेल ना? त्यावर ठेव."

लोड वाढवायला महावितरणकडे अर्ज केला, सोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला. सगळं मिळून खर्च २८,००० च्या आसपास आला. भाऊ म्हणाला, एवढ्यात नवं फर्निचर आलं असतं. बहिणीने मात्र निम्मे पैसे पाठवले, न मागता. बायको अजून मुलाला ओल्या पायांनी शेडमध्ये जाऊ देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. आरसीसीबी असला तरी कोरडे पाय आणि रबरी चप्पल हवीच.

तुमच्या घरी शिलाई मशीनची मोटर असेल, पिठाची छोटी गिरणी असेल, पाण्याचा पंप असेल, तर एक काम करा. जाणत्या वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनची तार कुठपर्यंत जाते ते तपासून घ्या. सॉकेटला तीन भोकं दिसली म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा. खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता डबा आहे.

आमच्याकडे ते काम धाकट्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला नमाजहून आला की तो बटण दाबतो, पुन्हा वर करतो आणि मगच आजोबांना म्हणतो, "चालू करा."