फुकटचे काम

आम्ही दोघे भाऊ पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आला, ब्रश खाली ठेवावा लागला. संगणकावर चित्र काढायला शिकलो ते इंकस्केपवर. २००३ पासून अनेकांनी मिळून घडवलेले हे सॉफ्टवेअर कुणालाही मोफत मिळते.

पुढे अशाच एका मुक्त सॉफ्टवेअरच्या चित्रकार-गटासाठी रात्री चिन्हे काढू लागलो. पहिले चिन्ह परत आले. पाटीवर शोभणारे बारीक काम १६ बाय १६ ठिपक्यांत नुसता डाग दिसत होते. रेषा कमी केल्या, तेव्हा स्वीकारले गेले.

आईने विचारले, "पैसे किती मिळाले?"

"आम्ही शिकलो तेव्हा कुणी मागितले होते का, आई?"

ती म्हणाली, "मग फेडा. पण मजुरी बुडवून नको."

वाचकहो, तेव्हापासून आम्ही फक्त रविवारीच बसतो.