अंगणाचा नकाशा

आमच्या कोपरीच्या जुन्या चाळीचा पुनर्विकास ठरला, तेव्हां नकाशांत आम्हीं प्रथम अंगण शोधलें. त्या जागीं मोटारींचे चौकोन आंखलेले होते. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, मग मोटारी ठेवायच्या कोठें?"

आम्हांस अच्युत कानविंदे आठवले. हे वास्तुशिल्पी आचऱ्याचे, जन्म १९१६, निधन २००२. हार्वर्डास ग्रोपियस यांच्या हाताखालीं शिकून आले आणि पुढें कानपूरच्या आय.आय.टी.चा आराखडा त्यांनीं केला. तेथील प्रथम संचालक डॉ. पु. का. केळकर, तेही मराठीच. पुतण्या तेथें शिकत असतां आम्हीं तो परिसर पायीं हिंडलों. मोटारींस कानविंदे यांनीं कडेलाच थोपविलें आहे. आंत इमारतींस जोडणारे छायेचे मार्ग, कांहीं तर जमिनीपासून उंच. उत्तरेच्या उन्हाळ्यांत सावली म्हणजे जीवच! दोन इमारतींमधील मोकळी जागाही त्यांनीं इमारतीइतक्याच विचारानें योजिली. विटा नि काँक्रीट उघडेंच ठेविलें, तें मात्र आमच्या डोळ्यांस अद्याप रुचत नाहीं.

सभेंत आम्हीं सुचविलें : मोटारी कडेला, मध्यें अंगण. सूनबाईंनीं हात वर केला; चिरंजीवांनीं केला नाहीं. ठराव पुढील सभेवर गेला आहे.