शिराझमधलं नवं साल

आपल्याकडे नवं वर्ष एकतर रात्री बाराला लागतं, नाहीतर पाडव्याच्या सूर्योदयाला. इराणमध्ये ते वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी लागतं. मग तो क्षण पहाटे तीनला येवो की भर दुपारी! २०१८ साली तो २० मार्चला संध्याकाळी ७ वाजून ४५ मिनिटं २८ सेकंदांनी होता. इराणी साल १३९७. आणि मी तेव्हा शिराझमध्ये होते.

नौरोजच्या सुट्टीत शिराझ बघायला जाऊ नये, असं बरेच जण सांगतात. शाळांना जवळजवळ दोन आठवडे सुट्टी, त्यामुळे अर्धा देश प्रवासाला निघालेला. बागांमधून तंबू ठोकलेले, गॅसवर चहा उकळतोय. वकील बाजारात तर पाय ठेवायला जागा नव्हती. हफ्तसीनच्या ताटासाठी सफरचंद, लसूण, सुमाक, कोवळे गव्हांकुर, शिवाय बरण्यांतून लाल मासे. बाजार, शहर, दरवाजा... ओळखीचे शब्द कानावर पडत होते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊनही हे आपल्याकडे राहिलेच. नौरोज म्हणजे नवा दिवस, आणि त्यातला 'रोज' म्हणजे आपण रोज वापरतो तोच रोज.

सकाळी पर्सेपोलिसला जाऊन आले होते. तिथले लोक त्याला तख्त-ए-जमशीद म्हणतात. आपल्या पारशांच्या जमशेदी नवरोजमधला जमशेद हाच. अपादानाच्या जिन्यावर भेटी घेऊन येणाऱ्या देशोदेशीच्या लोकांची रांग कोरलेली आहे. त्यात भारतातलेही आहेत. अनवाणी, कमरेला धोतरासारखं वस्त्र, आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड! अडीच हजार वर्षांपूर्वीची. ते बघून फार बरं वाटलं.

पण मला सांगायचंय ते संध्याकाळचं. साल बदलतं तेव्हा शिराझचे लोक हाफिजच्या कबरीपाशी जमतात. चौदाव्या शतकातला हा कवी. आठ खांबांवर तांब्याचा घुमट, खाली संगमरवराची शिळा. लोक येतात, दोन बोटं शिळेवर टेकवून पुटपुटतात, आणि मग हाफिजचा दिवाण कुठेही उघडून त्याला आपला प्रश्न विचारतात. याला फाल म्हणतात. आपल्याकडे संतांच्या समाधीवर माथा टेकतात, पण एखाद्या कवीला कुणी घरचे प्रश्न विचारत असेल असं मला तरी आठवेना.

मी बाजूला उभी होते, तर सतरंजीवर बसलेल्या एका बाईंनी हाताला धरून खाली बसवलं. "बिया, खानुम." त्यांची मुलगी इंग्रजीत समजावून सांगत होती. भाऊ कॅनडाला शिकायला जायचं म्हणतोय. आई नको म्हणतेय. म्हणून आज हाफिजला विचारायचं.

मला गंमत वाटली. हाफिजला दख्खनच्या बहामनी सुलतानाचं बोलावणं आलं होतं, असं फरिश्ता लिहितो. खर्चाला पैसेही आले. तो होर्मुझपर्यंत गेला, जहाजात बसला, वादळ झालं आणि घाबरून परत फिरला. ज्याला स्वतःला शिराझ सुटलं नाही, त्यालाच हे विचारताहेत, जाऊ का म्हणून!

लाउडस्पीकरवर तोफ वाजली, मग सनईसारखं काहीतरी. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. माझ्याही. मग बाईंनी डोळे मिटून पुस्तक उघडलं आणि मोठ्याने गझल वाचली. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बघ, राहा म्हणतोय." मुलाने पुस्तक ओढून घेतलं, तीच गझल वाचली आणि म्हणाला, "कुठे? जा म्हणतोय." मग वडील, मुलगी, शेजारच्या सतरंजीवरचे एक आजोबा, सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. भांडण नाही, चढा आवाज नाही. जे घरात बोलता आलं नसतं, ते सगळं हाफिजच्या तोंडून बोलून झालं.

शेवटी बाईंनी पुस्तक रुमालात गुंडाळलं. मूठभर पिस्ते माझ्या हातात कोंबले. मग मुलाकडे न बघताच काहीतरी म्हणाल्या. मुलीने थोडं थांबून मला सांगितलं, "आई म्हणतेय, पुढच्या नौरोजला पुस्तक मीच उघडेन. तू फोनवर ऐक."