दहा मिलिमीटरचं आयपीस

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दुर्बिणीला डोळा लावायची परवानगी मिळाली, त्या रात्री गुरू पांढरा दिसला. आधी तो मला साजूक तुपासारखा वाटायचा. दुसऱ्या डोळ्याला अजूनही तसाच दिसतो. बराच वेळ मी आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांनी पाहत राहिले. दोन्ही गुरू मला हवे होते.

माझी दुर्बीण 80 मिलिमीटर व्यासाची, नाभीय अंतर 1200. अशा लांब नळीत प्रकाशाचा शंकू इतका निमुळता असतो, की साधं आयपीसही कडेपर्यंत स्वच्छ प्रतिमा देतं. म्हणून माझा जीव ऑर्थोस्कोपिकवर. अर्न्स्ट आबे यांनी 1880 मध्ये आखलेली रचना, चारच भिंगं. 10 मिलिमीटरचं लावलं की 120 पट. 6 चं लावलं तर 200 पट, पण तेव्हा डोळ्यात शिरणारी शलाका 0.4 मिलिमीटरच उरते आणि डोळ्यातल्या जाळ्या गुरूच्या पट्ट्यांवरून तरंगत जातात. पूर्वी त्यांचा राग यायचा. आता मी त्यांना जाऊ देते, थांबते. हवा क्षणभर निवळली की पट्ट्याची कड एकदम रेखीव होते, आणि त्या क्षणासाठी 120 पट पुरतात.

अडचण वेगळीच आहे. ऑर्थोस्कोपिकला डोळा फार जवळ न्यावा लागतो, पापणी काचेला टेकते. नव्या डोळ्यासाठी मन कचरतं. लांबून पाहता येईल असं आयपीस घ्यावं का? त्यात भिंगं जास्त. दिवाळीपर्यंत ठरवीन म्हणते.